आठ अक्षरांत मावलेली भावकी

मी कंप्युटर शिकले ती पत्रिकेच्या दुकानात. हे ऐकलं की लोक हसतात, म्हणून मी आधीच सांगून मोकळी होते. भातकुली तालुक्यातल्या आमच्या गावाहून रोज एसटीनं अमरावतीला यायचं, गांधी चौकाच्या मागच्या गल्लीत एका खोलीच्या दुकानात बसायचं आणि लोकांच्या जन्मवेळा टाइप करायच्या, हे माझं काम. बी.एस्सी. झालेल्या मुलीनं असलं काम करावं का, असं विचारणारे गावात पुष्कळ होते. त्यांच्यातल्या एकानंही दुसरं काम दाखवलं नाही.

नव्वदीची शेवटची वर्षं होती. कपाशीवर फवारणीमागून फवारणी चालली होती आणि बोंडअळी मरायचं नाव घेत नव्हती. बरं पीक हाती आलं, तर भाव नसायचा. माणसाच्या हातातलं एकेक सुटत गेलं की तो वर आकाशाकडं बघतो. आमच्या दुकानाचं दार त्या आकाशाच्या वाटेवर होतं. पीक जितकं बेभरवशाचं, तितकी आमच्याकडं गर्दी. कुणी पेरणीचा मुहूर्त विचारी, कुणी विहिरीला पाणी लागेल का म्हणून विचारी, पण निम्म्याहून जास्त लोक लग्नाचे. शेतकरी मुलाला तेव्हा कुणी मुलगी द्यायला तयार नसे. चपराशी चालेल पण नोकरी पाहिजे, असं बाप लोक चारचौघांत म्हणत, आणि म्हणणारा बाप स्वतः शेतकरीच असे. माझे बाबाही त्यांतलेच. काळ्या कसदार जमिनीवर त्यांचा जीव होता, पण मुलगी मात्र त्यांना पगाराच्या घरी द्यायची होती.

दुकानाचे मालक एक बुवा होते. आयुष्यभर त्यांनी फूटपट्टीनं रेघा मारून पत्रिका काढल्या होत्या. मग ‘संगणकीय जन्मपत्रिका’ अशा पाट्या शहरात लागायला लागल्या, तेव्हा त्यांनीही कंप्युटर घेतला. यंत्र सुरू केलं की काळा पडदा यायचा, डाव्या कोपऱ्यात इंग्रजी सी आणि पुढं लुकलुकणारी एक पांढरी रेघ. तिथं हुकूम लिहायचा, तेव्हा कुठं पत्रिकेचा प्रोग्राम उघडणार. बुवांनी ते दोन हुकूम एका पुठ्ठ्यावर लिहून पडद्याच्या बाजूला चिकटवले होते आणि पुठ्ठ्याच्या चारी कोपऱ्यांना हळदीकुंकू लावलं होतं. रोज सकाळी हात जोडून ते पुठ्ठा वाचत आणि एका बोटानं एकेक अक्षर दाबत. एखादं अक्षर चुकलं की यंत्र इंग्रजीत उत्तर द्यायचं, की हा हुकूम मला ठाऊक नाही. झालं. बुवा म्हणत, अपशकुन झाला. मग यंत्र बंद, हातपाय धुणं, पुन्हा पहिल्यापासून.

हे मी काही दिवस निमूट पाहिलं. निमूट पाहणं माझ्या स्वभावात नाही, पण नोकरी नवी होती. शेवटी एकदा विचारलंच.

“बुवा, बंद काहून करता? पुन्हा लिवा ना तेच.”

“तुले काय समजते त्यातलं? ते नाराज झालं म्हणजे झालं.”

“नाराज कोन?”

“यंत्र, वं. दुसरं कोन?”

यंत्र नाराज वगैरे काही नव्हतं. मला समजलं नाही, एवढंच ते म्हणत होतं. मी तोवर कितीतरी शिकलीसवरलेली माणसं पाहिली होती, ज्यांना स्वतःला समजलं नाही की ती समोरच्यालाच मूर्ख ठरवतात. मला समजलं नाही असं सरळ सांगणारं हे पहिलंच भेटलं. तिथंच माझं त्याच्याशी जमलं.

पण पुठ्ठ्यावरच्या दोन ओळींच्या पलीकडं काय आहे, ते मला दाखवलं अकोल्याच्या भाईंनी. हा कंप्युटर त्यांनीच जोडून विकला होता आणि पत्रिकेचा प्रोग्रामही त्यांनीच कुठून तरी आणून दिला होता. त्यांच्या वडिलांचं अकोल्यात रेडिओदुरुस्तीचं दुकान, म्हणून स्क्रू-पाना घरचाच. धूळ लागू नये म्हणून ते फ्लॉप्या स्टीलच्या डब्यात घालून आणत, आणि डबा उघडला की अत्तराचा वास येई. विनय नावाला नव्हता. सगळ्या वऱ्हाडात हे काम जाणणारा मीच, असं ते चहा यायच्या आत दोनदा सांगत. मी त्यांच्या खांद्यावरून पाहत होते ते त्यांच्या ध्यानात आलं.

“सीखना है? तो खडी मत रह, बैठ. आणि हात लावाले भिऊ नोको. पहले देखना, फिर कापी करना. मिटाने का काम सबसे आखिर में, और वो भी मेरेकू पूछके.”

त्यांनी डीआयआर अशी तीन अक्षरं मारली आणि पडद्यावर ओळीच ओळी वर सरकत गेल्या. प्रत्येक ओळीत फायलीचं नाव, तिचा आकार, तारीख आणि वेळ. “ये तारीख देख,” ते म्हणाले. “आदमी भूल जाता है कब लिखा. ये नहीं भूलता.” मला वाटलं, घरातल्या मोठ्या कपाटाचं दार उघडून कुणी आत काय काय आहे ते दाखवतंय. बुवांचा सगळा कारभार आत्तापर्यंत त्या कपाटाच्या एकाच खणात चालला होता.

त्यानंतर बुवा दुपारी मागच्या बाजूला आडवे झाले की मी पडद्यापुढं बसू लागले. या कप्प्यातून त्या कप्प्यात जायला सीडी. नवा कप्पा करायला एमडी. फायलीत काय आहे ते वाचायला टाइप. नाव बदलायला रेन. इंग्रजी मला वाचता येत होतं, पण इतकं तुटक, इतकं कामापुरतं इंग्रजी मी पहिल्यांदा पाहत होते, आणि ते मला फार आवडलं. खरं सांगायचं तर हुकूम सोडणंच आवडलं. घरात मी धाकटी. पाणी आण, कडबा टाक, दिवा लाव, हे मी जन्मभर ऐकत आले होते. इथं मी म्हणेन ते घडत होतं, आणि नाही घडलं तर का नाही ते कळत होतं. त्या सुखाची मला आजही लाज वाटत नाही.

बुवांना मात्र धसका. पुठ्ठ्याच्या बाहेरचं अक्षर मी दाबलं की ते कूस बदलून म्हणत, “बाहीर चालली तू.” पण दसऱ्याला त्यांनी यंत्राची पूजा केली आणि भक्तीच्या भरात कुंकवाचं बोट थेट प्रोग्रामच्या फ्लॉपीवर, तिच्या मधल्या उघड्या चकतीवर टेकवलं. फ्लॉपी गेली. मी आधीच तिची नक्कल दुसऱ्या फ्लॉपीवर करून ठेवली होती, म्हणून दुकान चालू राहिलं. बुवांनी त्याचं श्रेय देवीला दिलं. पण त्या दिवसापासून ते मला बाहेर जाण्यावरून बोलेनासे झाले.

आता ताईचं सांगते. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, शांत. हो की नाही विचारलं तर ‘पाहू’ म्हणणारी. त्या वर्षी चांदूर रेल्वेचं एक स्थळ आलं. मुलगा रेल्वेत कायम. बाबांचे पाय जमिनीवर नव्हते. पाहण्याचा कार्यक्रम झाला, दोघांना अंगणात बोलायला पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी धुणं धुताना ताई मला म्हणाली, “त्यानं इचारलं तुमाले काय वाचाले आवडते. आन मंग चूप राहिला, व. मी सांगेपावतर चूप राहिला.” एवढंच. पण नंतर आठवडाभर ती भाकरी थापताना गुणगुणत होती. ताईला गुणगुणताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

मग निरोप आला, की जमत नाही. मुलाचे वडील एका रविवारी, माझ्या सुटीच्या दिवशी, आमच्याच दुकानात जाऊन पत्रिका जुळवून आले होते. गुणमेलनाचा नवा प्रोग्राम भाईंनी थोड्याच महिन्यांपूर्वी बसवला होता. मुलाची माहिती तिथं भरायची, मुलीचं नाव टाकायचं. मुलीची पत्रिका दुकानात आधी झालेली असली की बाकीचं यंत्र पाहून घेई. बुवांनी ताईचं नाव टाकलं. गुण कमी आले आणि खाली ठळक अक्षरांत मंगळ.

“आमच्या पोरीले मंगळ नाही,” आई मध्यस्थाला म्हणाली. “गावच्या जोशानं काढेल पत्रिका हाये घरात.”

“ते हातची हाये, बाई,” मध्यस्थ म्हणाला. “कंप्युटर खोटं बोलते काय?”

मला ते वाक्य झोंबलं. ताईची माहिती मीच नोकरीच्या पहिल्या आठवड्यात हात बसावा म्हणून भरली होती. कागद वाया जाईल म्हणून छापली नव्हती, पण पडद्यावर पाहिली होती. मंगळ नव्हता. पत्रिकेवर माझा काडीचा विश्वास नाही, तेव्हाही नव्हता, पण एकच यंत्र एकाच मुलीबद्दल दोन गोष्टी सांगणार नाही, यावर मात्र पुरता होता. ताईचं गुणगुणणं बंद झालं.

सोमवारी दुकानात गेल्या गेल्या मी पत्रिकांच्या कप्प्यात डीआयआर दिलं. आमच्या आडनावाची एकच फाईल होती. एकच? आमची अर्धी भावकी या दुकानातून गेली होती. मी इथं नोकरीला, म्हणून सगळे विश्वासानं इथंच येत. फायलीची तारीख पाहिली, तर पोळ्यानंतरचा एक रविवार. त्या दिवशी भावकीतलं कोण दुकानात गेलं होतं ते मला घरी ऐकून माहीत होतं. टाइप करून फाईल उघडली. बरीचशी अगम्य चिन्हं उमटली, पण मधोमध जन्मतारीख स्वच्छ वाचता येत होती. ती ताईची नव्हती. ती मोठेबाबांच्या मुलाची, माझ्या चुलत भावाची होती.

चांदूर रेल्वेच्या नवरदेवाची पत्रिका माझ्या मिशीवाल्या भावाशी जुळवली गेली होती.

मी इतक्या मोठ्यानं हसले की बुवा धावत आले. आणि हसता हसताच मला संताप आला.

झालं होतं ते असं. त्या काळच्या यंत्रात फायलीच्या नावाला आठच अक्षरं मिळत. जास्त लिहिली तर पुढची ते मुकाट्यानं सोडून देई. ज्यानं कुणी हा प्रोग्राम लिहिला, त्याच्या डोक्यात आधी नाव आणि मग आडनाव असणार. आमच्याकडं शाळेच्या दाखल्यापासून लग्नाच्या आहेरापर्यंत आडनाव आधी. बुवांनी सांगितलं तसंच मीही भरत होते. आमचं आडनाव इंग्रजीत लिहिलं की आठ अक्षरं त्यातच संपतात. म्हणजे अख्खी भावकी एकाच पाटावर, जो शेवटी येईल तो आधीच्याला उठवून बसणार. पत्रिका नवीन काढून लगेच छापली तर काही बिघडत नसे. आणि जुळवताना नवरानवरीचं आडनाव कधी एक नसतं, म्हणून ही गोष्ट आजवर कुणाच्या ध्यानात आली नव्हती.

मी बुवांना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

“तू तुया बहिनीची माहिती नव्यानं भर, आन चुपचाप दुसरा कागद छापून दे त्याईले.”

“मी देल्ला तं ते म्हनतीन दुकानातल्या पोरीनं बहिनीसाठी बनवला. त्याईच्या डोळ्यासमोर दाखवा लागन.”

“लोकाईले समजलं तं दुकान बसन माह्यं. असं करशीन तं उद्यापासून येऊ नोको.”

“बरं,” मी म्हटलं. “आज तं आली ना मी.”

तेवढं बोलून मी समोरच्या बूथवर गेले आणि मध्यस्थाला फोन लावला, की पत्रिकेत घोळ झाला आहे, मुलाच्या वडिलांना दुकानात घेऊन या. नोकरी गेली तर घरी काय सांगायचं, हे मी रस्ता ओलांडताना ठरवून टाकलं होतं. खरं तेच सांगायचं होतं.

मुलाचे वडील दुसऱ्या दिवशी एकटेच आले, पहिल्या गाडीनं. धोतर, कडक इस्त्रीचा सदरा, कपाळावर आठी. बुवा कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसले. त्यांनी मला अडवलं मात्र नाही. भारनियमनाची वेळ जवळ आली होती, म्हणून मी प्रस्तावना केली नाही. आधी ताईचं नाव टाकून छापलं, मंगळ. मग त्याच जागी माझं नाव टाकलं. तेवढेच गुण, तोच मंगळ. मग भावाचं.

“काका, आमच्या घरच्या तिघाईचं एकच निघालं. त्यातला एक पोरगा हाये.”

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. पण एवढ्यावर ते मानणारे नव्हते. त्यांचंही आडनाव आमच्याएवढंच लांब, म्हणून मग मी त्यांची स्वतःची माहिती भरायला लावली, तिच्यानंतर त्यांच्या धाकट्या भावाची, आणि मग पुन्हा त्यांचं नाव विचारलं. पडद्यावर नाव त्यांचं आलं आणि रास भावाची. कन्या राशीचा माणूस उभ्या उभ्या वृश्चिक झाला होता.

“म्हंजे मी हाओ, आन नाही बी,” ते म्हणाले.

“तुमी हा ना, काका. त्याच्यात फक्त आठ अक्षरं मावतात.”

त्यानंतर मी ताईची माहिती शाळेच्या दाखल्यावरून नव्यानं भरली, फायलीला आडनावाऐवजी तिचं नाव दिलं आणि जुळवून दाखवली. गुण भरपूर, मंगळ नाही. कागद छापून निघाला आणि लगेच वीज गेली. त्यांनी अंधारात तो घडी करून खिशात ठेवला आणि बुवांना म्हणाले, “पोरगी हुशार हाये तुमची.” बुवा तत्काळ वळले. “आमीच तयार केली,” ते म्हणाले. नोकरीचा विषय त्यानंतर निघाला नाही. पुढच्या महिन्यात भाई आले तेव्हा त्यांनी सगळं ऐकलं, आणि हा दोष आपल्याला पहिल्यापासून माहीत होता असं सांगितलं.

त्या संध्याकाळी मी एसटीतून उतरले ती जवळजवळ पळतच घरी आले. सगळ्यांची नक्कल करून दाखवली, बुवांची, काकांची, वृश्चिक झालेल्या माणसाची. भावाचं ऐकून आई पदर तोंडाला लावून हसली. बाबा टोपी घालून मोठेबाबांकडं सांगायला निघालेसुद्धा. ताई सुपात तूर पाखडत होती. ती थांबली नाही. सगळ्यांचं हसून झाल्यावर म्हणाली, “आन खरंच असता तं मंगळ?”

“पन नाही ना,” मी म्हटलं.

“असता तं?”

दिवसभर मला प्रत्येक गोष्टीचं उत्तर येत होतं आणि इथं मी अडले. बाबा दारात होते. तेही आत आले नाहीत की बाहेर गेले नाहीत.

पुढच्या रविवारी मुलगा आणि त्याचे वडील सुपारी फोडायला आले. ताईनं चहा दिला आणि नेहमीसारखी आत न जाता ती ओसरीवरच बसली. मग मुलाकडं पाहून तिनं विचारलं, “त्या दिवशी मंगळ निघाला तवा तुमी घरी काय म्हटलं?”

मुलाचा चेहरा लाल झाला. तो वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. त्यानं वडिलांकडं पाहिलं, मग कपाकडं पाहिलं. ताई थांबली. तो बोलावा म्हणून ती खरंच थांबली, अंगणात तो तिच्यासाठी थांबला होता तशी. शेवटी वडीलच बोलले.

“तो काय म्हननार, बाई? मंगळ असता तं आमी पुन्हा आलोच नसतो. खोटं काहून बोला?”

“मंग राहू द्या,” ताई म्हणाली. “आज नाही निघाला. उद्या काही दुसरं निघन.”

आई भिंतीला टेकली. मी बाबांकडं पाहिलं. पगाराचा जावई दारात बसला होता, आणि असं दुसरं स्थळ येणार नाही हे लहान पोरालाही कळत होतं. बाबा उठले. आता ते ताईवर ओरडणार, असं मला वाटलं आणि मी मधे पडायला तयार झाले. ते पाहुण्यांना म्हणाले, “चला, गाडीवर सोडून देतो.” पाहुण्यांना ते मानानं थांब्यापर्यंत घेऊन गेले, आणि गाडी निघेपर्यंत तिथं थांबून परत आले.

आईनं पानं घेतली. आमच्या घरी बाबांचं जेवण झाल्याशिवाय बायका बसत नसत. बाबांनी पुढ्यातलं ताट उचललं आणि ताईपुढं सरकवलं.

“तू जेव आधी,” ते म्हणाले. “मले इचारता आलं नसतं त्याईले.”

ताईला तो मुलगा आवडला होता. तिनं पहिला घास तोंडात घातला आणि तेव्हा ती रडली, आणि रडत रडतच पोटभर जेवली.